मुलें आणि थोरांचीं चित्रें

गेल्या वर्षीं एका रविवारीं सकाळीं मी माझ्या आठ वर्षांच्या नातीला घेऊन एका संग्रहालयांत गेलों होतों. संग्रहालयाचें नांव सांगण्याचें कारण नाहीं; जें घडलें तें कोठेंहि घडलें असतें. एका दालनांत कांचेच्या कपाटांत एक जुनें लघुचित्र होतें. महालाच्या सज्जांत बसलेली एक स्त्री, मागें काळे ढग, आणि ढगांच्या कडेनें उडत चाललेली बगळ्यांची रांग. नात तेथें थबकली. तिनें पिशवींतून वही आणि पेन्सिल काढली. इतक्यांत पहारेकरी पुढें आला आणि म्हणाला, "बाळ, इथं चित्र काढायचं नाही. पुढं चला, मागं रांग आहे." आम्ही पुढें गेलों. दीड तासांत आम्हीं चौदा दालनें पाहिलीं, म्हणजे त्यांच्यामधून चाललों. घरीं आल्यावर तिची आई म्हणाली, "काय पाहिलंस, तें काढून दाखव बघूं." मुलगी बराच वेळ डोकें खालीं घालून बसली होती. चित्र पुरें झालें तेव्हां त्यांत महाल नव्हता, ढग नव्हते, बगळेहि नव्हते. मोठ्या मिशांचा, हातांत काठी घेतलेला पहारेकरी होता. आणि खरें सांगायचें तर तो फार छान साधला होता.

आम्ही सारे हंसलों. पण मागाहून मला चुटपुट लागून राहिली. संग्रहालयांत ठेवलेलीं थोर कलावंतांचीं चित्रें आणि लहान मूल यांची गांठ घालून द्यावी काय, आणि द्यावयाची तर ती कशी? हा प्रश्न आजचा नाहीं. सव्वाशें वर्षांपूर्वीं युरोपांतील व्हिएन्ना शहरीं तो एका शिक्षकाला पडला होता. त्यानें त्याचें एक उत्तर दिलें. त्याच्या वर्गांत बसलेल्या एका मुलीनें पुढें त्याच प्रश्नाचें जवळ जवळ उलट उत्तर दिलें, आणि तें अशा जागीं दिलें कीं जेथें संग्रहालय तर नव्हतेंच, पण मुलांना पुरेशी भाकरीहि नव्हती. या दोघांची हकीकत आज आपणांस सांगावी अशी इच्छा आहे.

या शिक्षकाचें नांव फ्रान्झ चिझेक. त्यांचा जन्म १८६५ सालीं बोहेमियांतील लाइटमेरिट्स या गांवीं झाला. हें गांव एल्ब नदीच्या कांठीं आहे. श्रोत्यांनीं या गांवाचें नांव ध्यानांत ठेवावें. आपणांस पुन्हां त्याच्या जवळपास यावयाचें आहे. विशीच्या सुमारास चिझेक चित्रकला शिकण्यासाठीं व्हिएन्नास आले. ते राहत होते तेथें खिडकीसमोर एक लांबलचक लांकडी कुंपण होतें. गल्लींतील मुलें खडूनें आणि कोळशानें त्या कुंपणावर चित्रें काढीत. जागेसाठीं त्यांची मारामारी होई. ज्यांना कुंपण मिळत नसे तीं जमिनीवर काढीत. अकादमींत प्लास्टरच्या पुतळ्यांची हुबेहुब नक्कल करून थकलेला हा तरुण संध्याकाळीं खिडकींत उभा राहून तें पाही. त्याला वाटूं लागलें कीं या पोरांना कोणीं कांहींच शिकविलेलें नाहीं, तरीहि त्यांच्या रेघांना एक नियम आहे. आणि ज्या मुलांना शाळेंत रीतसर शिकवितात, त्यांच्या रेघांत मात्र जीव नाहीं.

त्या काळीं शाळांतून चित्रकला शिकविणें म्हणजे प्रत काढावयास लावणें. मास्तर नमुना देत, मुलें तो उतरवीत. नमुन्याशीं जेवढें साम्य तेवढे गुण. यांत आपणांस परकें असें कांहींच वाटणार नाहीं. आपल्यापैकीं ज्यांनीं एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या परीक्षा दिल्या असतील, त्यांना तो वस्तुचित्राचा तांब्या, ती बादली, आणि तांब्याची डावी बाजू उजव्या बाजूशीं जुळावी म्हणून खोडरबरानें कागदाला पाडलेलें भोंक नक्कीच आठवत असेल. माझ्या वर्गांत एका मुलानें स्मरणचित्रांत जत्रेऐवजीं जत्रेंत हरवलेला आपला धाकटा भाऊ काढला होता. चित्रांत एवढासा मुलगा आणि भोंवतीं नुसते पायच पाय. मास्तर भले गृहस्थ होते. पण त्यांनीं त्याला तें खोडावयास लावलें, कारण माणसांना डोकीं नव्हतीं.

चिझेक यांनीं १८९७ सालीं मुलांसाठीं स्वतःचा एक वर्ग उघडला. त्याच सालीं व्हिएन्नांतील बंडखोर चित्रकारांनीं जुन्या संस्थेंतून फुटून आपला वेगळा संघ काढला होता. गुस्टाव्ह क्लिम्ट त्याचे पहिले अध्यक्ष. या मंडळींशीं चिझेक यांचा स्नेह होता आणि त्यांच्याच उत्तेजनानें वर्गाची कल्पना पुढें सरकली. कांहीं वर्षांनीं हा वर्ग तेथील कलाउद्योगाच्या सरकारी शाळेला जोडला गेला. शनिवारीं दुपारीं आणि रविवारीं सकाळीं मुलें येत. फी नसे. सरदाराचा मुलगा आणि धोबिणीची मुलगी शेजारीं शेजारीं बसत. कागद, रंग, माती, लांकूड, कापड, सुईदोरा, कात्री, लिनोलियमवर कोरण्याचें हत्यार, जें हवें तें घ्यावें; आणि नमुना मात्र कोणताहि नाहीं. चिझेक मुलांमधून हिंडत, विचारलें तर बोलत. चित्रकलेचा शिक्षक म्हणजे मुलांच्या मनावरचें झांकण दूर करणारा माणूस, असें त्यांचें म्हणणें असे.

पहिलें महायुद्ध संपलें तेव्हां व्हिएन्ना उपाशी होतें. त्या उपासमारींत मदतीचें काम करण्यासाठीं गेलेल्या फ्रान्सेस्का विल्सन नांवाच्या इंग्रज बाईनें चिझेक यांचा वर्ग पाहिला. १९२० सालीं या मुलांच्या चित्रांचें प्रदर्शन लंडनला भरलें आणि तें बालकांच्या मदतनिधीसाठीं पुढें गांवोगांव फिरलें. नंतर तें अमेरिकेंतहि गेलें. युद्धांत काल ज्यांच्याशीं लढलों त्यांच्या मुलांचीं हीं चित्रें, तीं पाहण्यासाठीं इंग्रज माणसें पैसे देऊन रांगा लावीत होतीं. मुलाचें चित्र हें अपुरें राहिलेलें प्रौढ चित्र नसून तें आपल्या परीनें पुरें असतें, ही गोष्ट ज्या कांहीं घटनांनीं जगाच्या गळीं उतरली, त्यांत या प्रदर्शनाची गणना करावी लागेल.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. या मुलांना संग्रहालयांत न्यावें काय? व्हिएन्नाचें कलासंग्रहालय म्हणजे केवढें भांडार! ब्रॉयगेलचीं जगांत कोठें नसतील इतकीं चित्रें तेथें आहेत. पण चिझेक यांचा कल याच्या विरुद्ध होता. मोठ्यांच्या कलेची छाया मुलावर पडली कीं मूल आपल्या डोळ्यांनीं पाहणें सोडून देतें आणि मोठ्यांच्या डोळ्यांनीं पाहूं लागतें, ही त्यांची भीति. ज्याला शहराचा, प्रदर्शनांचा आणि नाटक-सिनेमांचा संसर्ग झालेला नाहीं असें मूल त्यांना अधिक मोलाचें वाटे. प्रत काढण्याच्या जाचांतून मुलांना सोडविणाऱ्या माणसाला असें वाटावें हें समजण्यासारखें आहे. ज्यानें दुष्काळ पाहिला आहे तो धान्याचा कण सांडूं देत नाहीं, तशांतला हा प्रकार.

तथापि आज त्यांच्या मुलांचीं चित्रें एकत्र ठेवून पाहिलीं म्हणजे एक गोष्ट लपत नाहीं. त्यांत एकमेकांचें साम्य फार आहे. तींच ठसठशीत सपाट रंगांचीं फुलें, त्याच गोल गालांच्या मुली, तीच नक्षीदार चौकट. हें साम्य आलें कोठून? क्लिम्टच्या पिढीनें व्हिएन्नाच्या भिंतींवर लावलेल्या जाहिरातींतून, पुस्तकांच्या वेष्टणांतून, गृहिणींच्या पडद्यांवरील छापांतून. आणि थोडें चिझेक यांच्या स्वतःच्या आवडींतूनहि. कोणतें चित्र पाहून गुरूचा चेहरा खुलतो हें मुलांना सांगावें लागत नाहीं. म्हणजे संग्रहालयाचें दार बंद ठेवलें तरी रस्त्यावरचें संग्रहालय उघडेंच होतें. मूल कांहींतरी पाहणारच. आपण निवडून कांहीं दाखविलें नाहीं, तर जें समोर येईल त्यावर त्याचा डोळा पोसला जाईल, एवढाच फरक. चिझेक यांच्या थोरवीला यामुळें उणेपणा येत नाहीं, पण त्यांचें उत्तर अपुरें होतें असें मला वाटतें.

आतां त्यांच्या शिष्येविषयीं. फ्रीडल डिकर हिचा जन्म १८९८ सालीं व्हिएन्नांतील एका गरीब यहुदी घरांत झाला. आई लहानपणींच वारली. बाप कागद, वह्या, पेन्सिली विकणाऱ्या दुकानांत नोकर होता. आई नसलेली मुलगी बापाच्या मागोमाग दुकानांत जाई, आणि तेथल्या रंगांवर व कागदांवर तिचें बालपण गेलें. पुढें ती फोटोग्राफी शिकली, कापडावरील कलाकाम शिकली, चिझेक यांच्या वर्गाला बसली. १९१६ च्या सुमारास योहानेस इटेन नांवाचा स्विस चित्रकार व्हिएन्नास येऊन शिकवूं लागला, त्याच्याकडे ती गेली. १९१९ सालीं इटेन जर्मनींतील वायमार येथें नव्यानें निघालेल्या बाउहाउस या प्रसिद्ध कलाशाळेंत गेला, तेव्हां त्याच्या व्हिएन्नांतील ज्या शिष्यांनीं त्याची पाठ धरली त्यांत फ्रीडलहि होती.

इटेन हा मोठा विलक्षण शिक्षक. तो धड्याच्या आरंभीं विद्यार्थ्यांना श्वास घ्यावयास आणि हातपाय मोकळे करावयास लावी. मग तालावर रेघा ओढवून घेई. आणि चिझेक ज्यापासून मुलांना दूर ठेवीत, तेंच तो मुद्दाम पुढें आणी. जुन्या थोर चित्रकारांचीं चित्रें तो पडद्यावर दाखवी आणि तीं उलगडावयास सांगी. उलगडणें म्हणजे नक्कल नव्हे. या चित्रांत काळोख कोठून कोठें वाहतो? वजन कोणत्या बाजूला आहे? वांकलेल्या पाठीची रेघ कोणत्या रेघेला हांक मारते? तें ओळखा, आणि तेवढेंच कागदावर आणा. एकदां त्यानें ग्र्यूनेवाल्ड या जुन्या जर्मन चित्रकाराच्या वेदीवरील रडणाऱ्या माग्दालेनेचें चित्र दाखविलें. विद्यार्थी खालीं माना घालून काढूं लागले. इटेन भडकला, हें चित्र पाहून ज्याला कांहीं वाटलें असेल त्याला पेन्सिल उचलवलीच नसती, डोळ्यांना धार लागली असती, असें तो म्हणाला, अशी हकीकत त्याचे सहकारी ऑस्कार श्लेमर यांनीं एका पत्रांत लिहून ठेवली आहे. हा थोडा अतिरेक झाला. पण चित्र पाहणें हें अंगानें पाहणें आहे, हा त्यांतला मुद्दा फ्रीडलनें मनांत जपला. जुन्या चित्रांविषयींचें इटेनचें विवेचन १९२१ सालीं वायमार येथें एका ग्रंथांत छापलें गेलें. त्यांतील अक्षरमांडणी फ्रीडलनें केली आहे. त्या पानांवरचीं अक्षरेंहि कोठें मोठीं, कोठें लहान, कोठें धांवतीं, अशीं आहेत. जणूं वाचतांना आवाज ऐकूं यावा.

बाउहाउस सोडल्यावर त्यांनीं फ्रान्झ सिंगर या मित्राबरोबर व्हिएन्नांत घरगुती सामान, कापड आणि घरांच्या अंतर्भागाची रचना करणारी कचेरी चालविली. (आतां त्या स्वतः शिक्षिका व्हावयाच्या आहेत, तेव्हां त्यांना डिकरबाई म्हणूं.) या काळांत त्यांनीं एका मॉंटेसोरी बालमंदिराची मांडणी केली, मुलांना स्वतः हलवितां, रचतां येतील अशीं बांकें आणि मंचकें. मॉंटेसोरीबाई स्वतः १९३९ सालीं मद्रासेस आल्या आणि त्यांच्या पद्धतीचा आपल्याकडे पुष्कळ प्रसार झाला, त्यामुळें हें सामान कसें असेल याची कल्पना आपणांस करतां येईल. १९३४ सालीं ऑस्ट्रियांत राजकीय उलथापालथ झाली. डिकरबाई साम्यवादी पक्षाच्या. त्यांना अटक झाली. सुटल्यावर त्या प्रागला गेल्या. तेथें हिटलरच्या भयानें पळून आलेल्या कुटुंबांचीं मुलें होतीं, त्यांना त्या चित्रकला शिकवूं लागल्या. घर गेलेलें, भाषा परकी, आईबाप सदा कुजबुजत असलेले. अशीं तीं मुलें. त्यांच्या हाताखालीं ईडिथ क्रेमर नांवाची एक तरुण मुलगी मदतीस असे. ती पुढें न्यूयॉर्कला गेली आणि चित्रकलेनें मुलांच्या मनाचे घाव भरून काढण्याच्या शास्त्राची एक आद्य आचार्या म्हणून नांवाजली. डिकरबाईंनाहि देश सोडण्याची संधि आली होती. पण १९३६ सालीं त्यांचें पावेल ब्रांडाइस यांच्याशीं लग्न झालें होतें, आणि परवाना एकट्या बाईंचा होता. त्या गेल्या नाहींत.

डिसेंबर १९४२ मध्यें दोघांना तेरेझीनला पाठविण्यांत आलें.

तेरेझीन हें अठराव्या शतकांतील किल्लेवजा गांव. सम्राट् दुसरा योसेफ यानें तें बांधलें व आपल्या आईचें, मारिया तेरेसाचें नांव त्याला दिलें. १९४१ च्या नोव्हेंबरपासून नाझींनीं तेथें यहुदी लोकांचा कोंडवाडा केला. सुमारें १,४०,००० माणसें त्यांतून गेलीं. ३३,००० हून अधिक तेथेंच भुकेनें आणि रोगानें मेलीं. ८७,००० च्या आसपास माणसें पूर्वेकडील मृत्युछावण्यांकडे रवाना झालीं. आणि हें तेरेझीन नकाशावर शोधूं गेलें तर एल्ब नदीच्या एका बाजूस तें आहे, आणि पलीकडे, मैल-दोन मैलांवर, लाइटमेरिट्स आहे. चिझेक ज्या गांवांत जन्मले त्या गांवाच्या हांकेच्या अंतरावर त्यांच्या शिष्येचा वर्ग भरावयाचा होता. स्वतः चिझेक तेव्हां व्हिएन्नांत होते. त्यांचा वर्ग १९३८ मध्येंच थांबला होता.

कैद्याला बरोबर ५० किलो सामान नेण्याची मुभा असे. कोणी ऊबदार कपडे घेई, कोणी भांडीं, कोणी औषधें. डिकरबाईंनीं त्यांतील जेवढी जागा जमेल तेवढी मुलांच्या कामाला लागणाऱ्या कागदांनीं, रंगांनीं भरली. आणि त्यांच्याजवळ थोर चित्रकारांच्या चित्रांच्या छापील प्रतिकृतीहि होत्या. मला या प्रतिकृतींचें नेहमीं आश्चर्य वाटतें. रंग नेले हें समजतें. पण जेथें उद्यांची खात्री नाहीं तेथें व्हर्मेअरचें चित्र कशाला न्यावें?

तेरेझीनमध्यें मुलांना आईबापांपासून वेगळें, निरनिराळ्या गृहांत ठेवीत. मुलींच्या गृहाला एल ४१० असें नांव होतें. शाळा चालविण्याला बंदी होती. गाणें आणि चित्र काढणें तेवढें खपवून घेत. तीन मजली खाटांच्या मधल्या चिंचोळ्या जागेंत, टेबलाभोंवतीं, डिकरबाईंचा वर्ग भरे. तास तालानें सुरू होई. बाई टेबलावर ठोका देत, कधीं सावकाश, कधीं झपाट्यानें, आणि मुलें त्या ठोक्यानुसार कागदावर रेघा, वळसे, ठिपके काढीत. हात मोकळा होई, आणि हाताबरोबर मनहि. हा इटेनचा वारसा. मग कधीं एखाद्या वस्तूचें चित्र, कधीं मनांतलें घर, कधीं गोष्ट. या बाबतींत त्या चिझेक यांच्याच शिष्या होत्या. मुलाच्या हातांतील पेन्सिल त्या स्वतः घेत नसत. आणि कधीं त्या त्या प्रतिकृति बाहेर काढीत.

येथें थोडें थांबावेंसें वाटतें. व्हर्मेअर हा सतराव्या शतकांतील डच चित्रकार. शांत खोली, बहुधा डावीकडे खिडकी, खिडकींतून आलेला उजेड, आणि त्या उजेडांत आपल्या कामांत गढलेली एखादी स्त्री. कोणी दूध ओततें आहे, कोणी पत्र वाचतें आहे. तेरेझीनच्या एकाहि मुलीला अशी खोली नव्हती. अशा चित्रासमोर बसवून बाई त्यांना तें उतरवून काढावयास सांगत नसत. कागद फाडावयास आणि कापावयास देत. कागद तरी कसला? टाकाऊ. कचेरींतील जुने छापील तक्ते, हिशेबाच्या रकान्यांचे कागद, पुड्यांचे कागद. मुलांनीं त्यांतून मोठाले आकार कापले आणि एकमेकांशेजारीं चिकटविले. अशा चिकटकामांत मूळ चित्रांतल्या स्त्रीचा चेहरा शोधूं गेल्यास निराशा होईल. पुष्कळदां चेहराच नसतो. पण काळोख कोठें आहे आणि उजेड कोठून शिरतो, भिंतीचा मोकळेपणा केवढा आणि त्यापुढें माणूस केवढें, एवढें त्यांत बरोबर आलेलें असतें. उजेडाच्या जागीं जो फिका कागद आहे त्यावर हिशेबाचे रकाने छापलेले दिसतात. व्हॅन गॉगचीं चित्रेंहि अशींच त्यांच्या हातांतून गेलीं.

हें प्रत काढणें नव्हे, आणि हें चिझेक यांचें निर्जन बेटहि नव्हे. मुलानें थोर चित्रकाराच्या घरीं जावें, त्याच्या वस्तु हाताळाव्या, आपल्याला पेलेल ती उचलावी आणि आपल्या घरीं आणून आपल्या पद्धतीनें मांडावी, असा हा तिसरा मार्ग आहे. चिझेक यांना जी भीति वाटे तिचें उत्तर बाईंनीं वादांत न पडतां दिलें. थोरांचें चित्र मुलाला दडपतें तें त्याच्यापुढें हात जोडून उभें केल्यामुळें. कात्री हातांत दिली कीं तेंच चित्र सोबती होतें.

जुलै १९४३ मध्यें मुलींच्या गृहांत बाईंनीं मुलांच्या चित्रांचें प्रदर्शन भरविलें आणि तेथील शिक्षकांपुढें एक व्याख्यान दिलें. त्याची टिपणें शिल्लक आहेत. या वर्गांतून चित्रकार तयार करावयाचे नाहींत, असें त्या स्पष्ट सांगतात. मुलांच्या ठिकाणीं जी निर्माणाची शक्ति आहे तिला वाट मोकळी करून देणें, त्यांची कल्पना, त्यांचा स्वतःचा निर्णय जागा ठेवणें, एवढेंच काम. मोठ्या माणसांना मुलांनीं लवकर आपल्यासारखें व्हावें अशी घाई कां, असाहि त्यांचा रोख आहे. छावणींत बसून कोणी मुलांच्या भविष्याविषयीं असें तपशिलानें बोलावें, हेंच मोठें.

आणखी एक बारीकशी गोष्ट. चित्र पुरें झालें कीं मुलानें त्यावर आपलें नांव घातलेंच पाहिजे, असा बाईंचा आग्रह असे. पुष्कळ कागदांवर नांवाबरोबर वय, खोली, तारीखहि आहे. छावणींत माणसाला वाहतुकीचा क्रमांक लावीत. त्या वर्गांत नांव लागे.

१९४४ च्या २८ सप्टेंबरला पावेल ब्रांडाइस यांना पुढें पाठविलें. बाईंनीं आपण होऊन त्यांच्या मागून जाण्यासाठीं नांव दिलें. ६ ऑक्टोबरच्या गाडीनें त्या गेल्या आणि ९ ऑक्टोबरला आउश्वित्स-बिर्केनाउ येथें त्यांना मारण्यांत आलें. त्याच गाड्यांतून त्यांच्या वर्गांतील किती तरी मुलें गेलीं; बहुतेक परत आलीं नाहींत. पावेल मात्र दुसऱ्या छावणींत जाऊन वांचले.

जाण्यापूर्वीं बाईंनीं सुमारें ४,५०० चित्रें दोन बॅगांत भरून ठेवलीं होतीं. छावणी मुक्त झाल्यावर, १९४५ च्या ऑगस्टच्या अखेरीस, मुलींच्या गृहाचे व्यवस्थापक विली ग्रोआग यांनीं त्या बॅगा प्रागला नेल्या. तीं चित्रें आज प्रागच्या यहुदी संग्रहालयाच्या ताब्यांत आहेत, आणि त्यांतील कांहीं पिंकास नांवाच्या जुन्या प्रार्थनामंदिराच्या वरच्या मजल्यावर मांडलीं आहेत. खालच्या भिंतींवर बोहेमिया व मोराव्हियांतील सुमारें ७८,००० मृतांचीं नांवें हातानें लिहिलेलीं आहेत. खालीं भिंतीवर वाचलेलें एखादें नांव वर मुलाच्या वळणदार अक्षरांत एखाद्या फुलपांखराखालीं पुन्हां भेटतें. ज्या मुलांना संग्रहालय पाहतां आलें नाहीं, त्यांचेंच काम आतां संग्रहालय झालें आहे, आणि जगांतील शाळांचीं मुलें तें पाहावयास येतात. चिझेक डिसेंबर १९४६ मध्यें व्हिएन्नास वारले.

आपल्याकडेहि एका मुलाच्या नांवानें उभें असलेलें संग्रहालय आहे. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर, जे 'अज्ञातवासी' या नांवानें कविता लिहीत, त्यांचा मुलगा राजा लहानपणींच गेला. बापानें गांवोगांव हिंडून जमविलेल्या दिवे, अडकित्ते, फण्या, वज्र्या, दरवाजे, वाद्यें यांच्या संग्रहाला त्याचें नांव दिलें. त्यांतल्या बहुतेक वस्तु कोणा थोर कलावंताच्या नाहींत, घरांतल्या आहेत. आणि मुंबईस छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या आवारांत २०१९ सालीं, गोरखचिंचेच्या जुन्या झाडाच्या सोबतीनें, खास मुलांसाठीं वेगळें संग्रहालय उघडलें, हेंहि सांगावयास हवें.

तेरेझीनची हकीकत वाचल्यानंतर मी नातीला पुण्याच्या या राजाच्या संग्रहालयांत घेऊन गेलों. या वेळीं आधींच ठरविलें कीं सारें पाहावयाचें नाहीं. एकच वस्तु निवड, असें तिला सांगितलें. तिनें एक पितळी दिवा निवडला. पाऊण तास आम्ही त्याच्यासमोर होतों. हत्तीच्या पाठीवर काय आहे, सांखळी कोठें अडकविली आहे, तेल कोठें घालीत असतील, असें ती विचारीत राहिली. मला उत्तरें आलीं नाहींत तीं तिनें आपल्या मनानें दिलीं. वही काढलीच नाहीं.

घरीं आल्यावर तिला कात्री, खळ आणि रद्दीचा गठ्ठा दिला. रंगीत मासिकें सोडून तिनें विजेचीं जुनीं बिलें उचललीं. आज तें चित्र आमच्या जेवणघराच्या भिंतीवर आहे. हत्ती तिरका झाला आहे, सांखळी फार जाड आहे, आणि दिव्याच्या पोटांतून युनिटांचे आंकडे दिसतात. खालीं कोपऱ्यांत तिचें नांव आणि वय आहे. ज्योतीची जागा मात्र कोरी होती. "इथें कांहीं चिकटवायचें राहिलें का?" असें मीं विचारलें, तेव्हां ती म्हणाली, "नाही आजोबा. तिथं तो दिवा लावलेलाच नव्हता."